देराणी-जेठाणी

आमच्या इंदुरात मार्चअखेर शाळेच्या परीक्षा संपतात आणि १ एप्रिलच्या सुमारास नवा वर्ग सुरू होतो. मधले चार-सहा दिवस मुलांचे. यंदा मोठे दीर म्हणाले, "अबूला जाऊ. ऊन तापायच्या आत जरा थंडी खाऊन येऊ." गाडी एकच. म्हणजे मागच्या सीटवर मी, मोठ्या जाऊबाई आणि मध्ये त्यांचा नातू. घराच्या वाटण्या होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं "या, बसा, चहा घेता का?" एवढ्यावरच आलं होतं.

रतलाम, सैलाना, बांसवाडा, मग मुक्काम उदयपूरला. घाई नव्हतीच. आम्ही दोघी सूर्यास्तानंतर जेवत नाही, तेव्हा कुठे थांबायचं ते सूर्यच ठरवत होता. बांसवाड्याच्या बाजूला मही नदी लागली. नातवाला सांगितलं, "ही आपल्याच धार जिल्ह्यातून निघते बरं." पुढे एका झाडाखाली डबे उघडले. मेथीचे ठेपले, खाखरे, शेव. जाऊबाईंनी न विचारता माझ्या ताटलीत लोणचं वाढलं. गूळ जास्त घातलेलं, मला आवडतं तसं. मी काही बोलले नाही, पण घास जरा घशातच अडला.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो आणि स्वेटर बाहेर निघाले. १७२२ मीटरवरच्या गुरुशिखरावर वारा असा की पदर सावरता पुरेवाट. नंतर देलवाड्याला गेलो. आम्ही दिगंबर, ही मंदिरं श्वेतांबर. पण त्या संगमरवरापुढे हात आपोआप जुळतात. विमलशहाचं आदिनाथाचं मंदिर १०३१ मधलं. वस्तुपाल-तेजपाल या भावांचं नेमिनाथाचं १२३० मधलं. या दुसऱ्या मंदिरात गाभाऱ्याकडे जाताना दाराच्या दोन बाजूंना दोन कोरीव गोखले आहेत. गाइड रंगात येऊन सांगू लागला, "हे देराणी-जेठाणीचे गोखले. दोघा भावांच्या बायकांनी चढाओढीनं बांधले!"

आम्ही दोघी समोर बघत राहिलो. एकमेकींकडे बघायची सोयच नव्हती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, मी वाचलंय, तिथल्या शिलालेखात वेगळंच आहे. ते दोन्ही गोखले तेजपालानं आपल्या बायकोच्या, सुहडादेवीच्या पुण्यासाठी केले. जावांचं भांडण त्यात कुठेच नाही."

जाऊबाई थांबल्या. "म्हणजे भांडण लोकांनीच लावलं म्हणायचं."

मग मला राहवलं नाही. "वाटण्यांच्या वेळी 'धाकटीनं सासूबाईंना गोड बोलून जास्त लाटलं' असं तुम्ही म्हणालात ना?"

"मी? अगं, मला तर सांगितलं की तूच म्हणालीस, मोठीला हिशेबच येत नाही!"

कोणी सांगितलं, ते दोघींनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर नवा गोखला उभा राहिला असता. नक्की तलावाच्या काठी बसलो, शेंगदाणे खाल्ले. सहा वर्षांचं काही एका संध्याकाळी बोलून होत नाही. काही गोष्टी अजूनही बोचतात, तिला आणि मलाही.

परतीच्या वाटेवर नातू म्हणाला, "मला खिडकी हवी." जाऊबाई सरकल्या आणि मध्ये बसल्या, माझ्या शेजारी.