‘नेसल’ आणि ‘सेटल’

परवा शब्बाथ आटोपल्यावर आमची नात इंग्रजीचे पुस्तक घेऊन आली. “साबा, ‘नेसल’ म्हणजे काय?” आम्ही पडलो मुंबईच्या शाळेत शिकलेले! ऐटीत सांगितले, “नीट बसणे.” पण तिच्या धड्यात एक गाव डोंगरांमध्ये ‘नेसल’ झाले होते. गाव नीट बसते कसे, हे तिला पटेना.

शेवटी शब्दकोश काढला. हा शब्द ‘नेस्ट’पासून, म्हणजे घरट्यापासून आलेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घरटे बांधणे असाच होता. लिहिताना त्यात ‘ट’ असतो, बोलताना गळतो, ‘कॅसल’मधल्यासारखा. पिलू पंखाखाली शिरते, मूल आईच्या खांद्यावर डोके टेकते, खेडे डोंगराच्या कुशीत वसते. या साऱ्यांना हे एकच क्रियापद चालते. ‘सेटल’ होणे निराळे. घर आणि नोकरी मिळाली की माणूस ‘सेटल’ झाला. ‘नेसल’ व्हायला ऊब लागते, जवळ घेणारे कुणीतरी लागते.

हे वाचून आम्ही थोडे गप्प झालो. कोकणच्या गावांनी आपल्याला इतके जवळ केले की पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची नावेच आपल्याला चिकटली. पुढे आपली माणसे दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद येथे आली आणि ‘सेटल’ झाली. पण १९६२ साली लग्नाच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले, तेव्हा ती ऊब कुठे होती? आपल्या लोकांनी धरणे धरले, आणि १९६४ साली आपण सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहोत असे क्नेसेटने जाहीर केले. कागदावरचे काम झाले. मनातले व्हायला मात्र वेळ लागला.

एवढे सगळे नातीला काय सांगणार? आम्ही म्हटले, “मराठीत याला कुशीत शिरणे म्हणतात. हिब्रूत घरट्याला काय म्हणतेस?”

“केन,” ती म्हणाली आणि हसली. “साबा, ‘हो’लासुद्धा ‘केन’च म्हणतात!”

लिहिण्यात दोन्ही शब्द वेगळे, पण कानाला एकच. आमच्या शब्दकोशाला जे सांगता आले नव्हते ते पोरीने सांगितले. समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावाचून घरटे होत नाही.

तेवढ्यात आमच्या घरची मंडळी चहा घेऊन आल्या. पोरगी पुस्तक टाकून त्यांना बिलगली आणि मराठीत म्हणाली, “आजी, कुशीत!”

चहा निवला, पण कुणी उठले नाही.