मासा टाकू का?

फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो कुणालाही काढता येतो, असं कॅमेरावाले म्हणतात. (मला तोही धड जमायला दोन हिवाळे लागले, ते सोडा.) पण पक्षी मासा पकडतानाचा फोटो हे वेगळंच प्रकरण आहे. तेवढ्यासाठी माणसं पुण्याहून मध्यरात्रीनंतर निघतात आणि उजाडायच्या आत भिगवणला पोचतात.

भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा सगळा उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गावं पाण्याखाली गेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर डोकावतं. माणसांचं गेलं तिथे पक्ष्यांचं आलं. रोहित पाहायला गर्दी होते, पण माझं लक्ष असतं ते मासेखाऊ मंडळींकडे.

त्यातला सगळ्यात सोयीचा कवड्या धीवर. काळापांढरा, छोटासा. सोयीचा अशासाठी, की तो आधी कळवतो! पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखलेली. तेव्हाच फोकस धरायचा, शटर दोन हजारांश सेकंदाच्या वर ठेवायचं आणि तो सुटला की बटण दाबून धरायचं. पाण्यातली पेन्सिल वाकडी दिसते हे आपण शाळेत शिकलो. मासाही असतो तिथे दिसत नाही, तो फरक हा पक्षी हवेतच जुळवून घेतो. पाण्यात शिरताना डोळ्यांवर पडदा येतो, म्हणजे नेम काय तो वरच धरायचा. मासा लहान असेल तर फांदीवर परत न जाता उडता उडताच गिळतो.

स्कॉटलंडच्या ॲलन मॅकफेडियनने खंड्याच्या सुराचा एक मनाजोगता फोटो मिळवण्यासाठी सहा वर्षं घालवली, सुमारे ७ लाख २० हजार फोटो काढले. २०१५ मध्ये ही गोष्ट जगभर छापून आली होती. आता नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतात आणि बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या फ्रेमसुद्धा साठवून ठेवतात. सहा वर्षांचं काम कदाचित सहा दिवसांत होईल. मला त्याचा आनंदही होतो आणि थोडं चुकल्यासारखंही वाटतं. असो.

कैकर, म्हणजे ऑस्प्रे, ही मात्र राजेशाही गोष्ट. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. धीवर चोचीने शिरतो, हा पायांनी. शेवटच्या क्षणी पाय डोक्याच्याही पुढे येतात. बाहेरचं बोट मागे वळवता येतं, तळव्यांना काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही. वर आल्यावर हवेतच ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकतो आणि मासा तोंड पुढे करून धरतो, वाऱ्याला अडू नये म्हणून. बगळे, पाणकावळे हेही मासा डोक्याकडूनच गिळतात, पण तिथे कारण वेगळं. उलटा गिळला तर परांचे काटे घशात उघडतील.

गेल्या जानेवारीत नावेत बसल्यावर नावाड्याने विचारलं, "सर, मासा टाकू का? घार लगेच येती."

त्याच्या पायाशी घमेल्यात मेलेले मासे होतेच. आता असे फोटो पुष्कळ दिसतात. काही ठिकाणी तर फांदीखाली मासे सोडलेलं टब ठेवतात आणि खंड्या सूर मारतो तो त्या टबात! फोटोखाली मात्र 'निसर्गातला क्षण' वगैरे. मी म्हटलं, नको टाकू.

"मग थांबावं लागंल. आन् फोटो नाय घावला तर गिऱ्हाईक परत येत नाय, सर."

त्याचंही खोटं नव्हतं. हंगाम चार महिन्यांचा, त्यात नाव त्याची, पोट त्याचं, आणि शुद्धतेचा आग्रह माझा. मी त्याला दोन फेऱ्यांचे पैसे देतो म्हटलं आणि आम्ही थांबलो. शिवाय मला हवा होता कैकर. तो मेलेल्या माशाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. टाकलेला मासा घार पाण्यावरून अलगद उचलते. त्या फोटोत उडालेलं पाणीही नसतं आणि तो अख्खा पक्षी बुडून वर येण्याचा जोरही नसतो. पाहणाऱ्याला थोड्या सवयीने फरक कळतो.

दोन तास काहीच नाही. बांबूच्या खुंटावर बसलेला कैकर पिसं साफ करत होता. मग उठला, दोन घिरट्या घेतल्या आणि पडला. सूर माझ्या फ्रेमबाहेरच गेला, पण मासा घेऊन अंग झटकतानाचे चार फोटो मिळाले.

मी पडद्यावर नावाड्याला दाखवले. त्याने पक्ष्याकडे पाहिलंच नाही, फोटो मोठा करायला लावला आणि मासा पाहिला. "चिलापी हाय." ही मूळची आफ्रिकेची. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली, उजनीकाठी तिची चिलापी झाली.

"पाव किलोची भरंल," तो वल्हं उचलत म्हणाला. "आमच्या जाळ्यात बी हल्ली येवढीच येती."