धुराखालचे बंदर

शत्रूच्या बंदरावर समुद्रातून अचानक चालून जायचे, तेथील जहाजे, गोद्या किंवा तेलाच्या टाक्या उद्ध्वस्त करायच्या आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा खोल समुद्रात निघून जायचे, या प्रकाराला छापा म्हणतात. त्यामागचा हेतू बंदर जिंकून ताब्यात ठेवण्याचा नसून ते काही काळ निकामी करण्याचा असतो. छाप्याच्या या स्वरूपातच त्याच्या चित्रांची अडचण दडलेली आहे. छापा घालणारा रात्री येतो, घाईत असतो आणि आपण काय साधले हे पाहण्यासाठी थांबत नाही. ज्याच्यावर छापा पडतो त्याला पहिला तडाखा बसेपर्यंत कशाचाच पत्ता नसतो. त्यामुळे अशा घटनेची जी चित्रे मागे उरतात ती बहुधा दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या ठिकाणाहून टिपलेली किंवा तेथे नसलेल्या माणसाने मागाहून रेखाटलेली असतात. भारतीय नौदलाने डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर घातलेल्या दोन छाप्यांची गोष्ट याहून वेगळी नाही, आणि त्या वेळी मुंबईत शाळकरी वयात असलेल्या पिढीच्या आयुष्यात ही चित्रे ज्या क्रमाने येत गेली त्या क्रमानेच त्यांचा अर्थही पालटत गेला.

त्या डिसेंबरात मुंबईत दूरदर्शन नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. युद्ध म्हणजे प्रत्यक्षात काळोख होता. खिडक्यांच्या काचांना काळे किंवा खाकी कागद चिकटवलेले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, भोंगा वाजला की घरातले दिवे मालवायचे आणि कोणी काडी ओढली तरी खालून ओरडा व्हायचा, असे ते दिवस होते. या काळोखात बातमी आकाशवाणीवरून कानाने येई. डोळ्यांना जे मिळे ते वर्तमानपत्रातून, आणि नंतर चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या समाचारपटांतून. वर्तमानपत्रातील छायाचित्र तेव्हा ब्लॉकवरून छापले जाई, म्हणजे मूळ छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीत रूपांतर करून ती जाळी जस्ताच्या पत्र्यावर उतरवलेली असे आणि स्वस्त कागदावर शाई पसरली की ठिपके एकमेकांत मिसळून जात. जळणाऱ्या तेलाचे चित्र अशा छपाईत उमटले की वरच्या दोनतृतीयांश भागात निव्वळ काळे ढग आणि तळाशी कोठेतरी टाकीची गोल कड एवढेच हाती लागे. तरीही त्या वयाला तेवढे पुरेसे होते, किंबहुना धूर जितका काळा तितका विजय मोठा, असे सरळ गणित त्या पाहण्यात होते आणि ते गणित घालून देणारी वडीलधारी माणसेही आजूबाजूला भरपूर होती.

पुढे कॉलेजच्या वयात युद्धाचे वृत्तांत हाती येऊ लागले, तेव्हा पहिला धक्का बसला तो असा की ज्या नौकांनी पहिला छापा घातला त्यांच्यावरील कोणीही कराची पाहिलेच नव्हते. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्रनौका ४ डिसेंबरच्या रात्री निघाल्या. त्यांच्यासोबत किल्तान आणि कछाल ही दोन मोठी जहाजे व पोशक हे तेलवाहू जहाज होते, आणि कमांडर बब्रू भान यादव हे निपातवरून नौकांचे नेतृत्व करीत होते. क्षेपणास्त्रनौका म्हणजे सोव्हिएत बनावटीची, जेमतेम ३९ मीटर लांबीची, वेगवान पण इंधनाच्या बाबतीत तोकडी नौका. ती मूळची आपल्याच बंदराच्या रक्षणासाठी कल्पिलेली होती, आणि अशा आठ नौका भारताला त्याच वर्षी मिळाल्या होत्या. संरक्षणाचे हे हत्यार शत्रूच्या दारापर्यंत नेऊन वापरायचे, ही या बेतातील खरी कल्पकता. प्रत्येक नौकेवर चार क्षेपणास्त्रे बंद पेट्यांत बसवलेली असत. एकेकाचे वजन दोन टनांहून अधिक, आत सुमारे अर्धा टन स्फोटक, पल्ला साधारण ४० किलोमीटर. एवढ्या अंतरावरचे लक्ष्य रात्री डोळ्यांना दिसणे शक्यच नसते. ते दिसते रडारच्या पडद्यावर, म्हणजे सोडलेल्या रेडिओलहरी धातूवर आपटून परत येतात आणि त्यांच्या परतीच्या वेळेवरून व दिशेवरून काचेवर एक उजळ ठिपका उमटतो. ठिपका मोठा की लहान, सरकतो की स्थिर आहे, यावरून युद्धनौका की व्यापारी जहाज याचा तर्क बांधायचा, क्षेपणास्त्र सोडायचे आणि मग पडद्यावरून तो ठिपका नाहीसा होतो का हे पाहायचे. कराचीच्या छाप्याचे एकमेव अस्सल, त्याच क्षणीचे चित्र हेच होते, आणि ते दर फेरीला पुसून नव्याने उमटत असल्याने त्याची प्रत कोणाकडेही नाही.

ज्यांच्यावर क्षेपणास्त्रे पडली त्यांनाही काय दिसले याचा विचार केला की हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. खैबर ही पाकिस्तानी विनाशिका कराचीच्या दक्षिणेस गस्तीवर होती. आकाशातून वेगाने येणारा उजेड पाहून तिच्यावरील लोकांची समजूत झाली की हे विमान आहे. शत्रूच्या विमानाने हल्ला केला, अशा आशयाचा संदेश त्यांनी पाठवला आणि घाईत त्यात आपले ठिकाणही चुकीचे कळवले, त्यामुळे बचावनौकांना शोधायला विलंब लागला. निर्घातच्या दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर खैबर बुडाली आणि तिच्यावरचे दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ही नौका मूळची ब्रिटिश, एचएमएस कादिझ. स्पेनच्या ज्या कादिझ बंदरात फ्रान्सिस ड्रेकने १५८७ मध्ये घुसून स्पॅनिश जहाजे जाळली, त्याच बंदराचे नाव तिला होते. इतिहासाला असले योगायोग आवडतात असे म्हणण्याचा मोह होतो, पण बुडालेल्यांच्या दृष्टीने त्यात अर्थ काहीच नाही. सुरुंग काढणारी मुहाफिझ ही लहान नौका तर इतक्या झटकन फुटली की तिला संदेश पाठवायलाही सवड मिळाली नाही, आणि ती गेली हे कराचीला कळले ते वाचलेले खलाशी सापडल्यावर. दोन दिवसांनी, ६ डिसेंबरला, पाकिस्तानच्या विमानांनी स्वतःच्याच झुल्फिकार या फ्रिगेटवर गोळीबार केला, कारण आकाशातून टेहळणी करणाऱ्यांनी ती भारतीय क्षेपणास्त्रनौका असल्याचे कळवले होते. उघड्या डोळ्यांनी पाहूनही एवढी मोठी नौका ओळखण्यात चूक होते, ही गोष्ट युद्धचित्रे पाहणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी अशी आहे.

धुराच्या त्या छायाचित्राबद्दलची शंका यानंतर आपोआप उभी राहते. केमाडी हा कराची बंदराचा तेल उतरवण्याचा भाग. तेथील टाक्यांकडे निपातने ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र सोडले, आणि ८ व ९ डिसेंबरच्या मधल्या रात्री तलवार आणि त्रिशूल या युद्धनौकांच्या साथीने गेलेल्या विनाश या एकट्या क्षेपणास्त्रनौकेने चार क्षेपणास्त्रे सोडली, त्यांपैकी एक टाक्यांवर आदळले. जहाजे शोधण्यासाठी बनवलेले क्षेपणास्त्र टाकीवर जाऊन आदळते, याचे कारण लोखंडी टाकीवरून परतणाऱ्या रेडिओलहरी जहाजावरून परतणाऱ्यांसारख्याच ठळक असतात. मात्र त्याच टाक्यांवर ४ डिसेंबरच्या सकाळी जामनगरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनीही हल्ला केला होता, आणि केमाडीची आग कोणी लावली याबद्दल दोन्ही दलांच्या माणसांत नंतर कित्येक वर्षे वाद चालला. छायाचित्र या वादात साक्षीला येत नाही. धुरावरून तेल जळते आहे एवढेच ठरते. ठिणगी सकाळची की रात्रीची हे त्यातून काढता येत नाही, आणि छायाचित्राखालच्या ओळीत ज्याचे नाव घातले त्याचा तो धूर होतो. लहानपणी ज्या ओळी कोणी वाचल्याही नाहीत, त्याच आता चित्रापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. विनाशच्या उरलेल्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानी नौदलाच्या ढाका या तेलवाहू जहाजाला हानी पोहोचवली, पनामाचा ध्वज असलेले गल्फ स्टार बुडवले आणि हरमॅटन या ब्रिटिश जहाजाचे नुकसान केले. युद्धाशी संबंध नसलेल्या ध्वजांची ही जहाजे विजयाच्या चित्रांत सहसा आढळत नाहीत, आणि त्यात लबाडीपेक्षा सोय अधिक असावी.

तेथे नसलेल्या माणसाने काढलेल्या चित्राचा उत्तम नमुना मराठी वाचकाला दूर शोधावा लागत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. इंग्रज या बंदराला घेरिया म्हणत. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रिस्टोरेशन नावाच्या जहाजाला प्रथम आग लागली आणि ती पसरत जाऊन खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेली गुराबे आणि गलबते, म्हणजे मराठी आरमाराची मोठी व लहान लढाऊ जहाजे, जळून गेली. या प्रसंगाचे तैलचित्र डॉमिनिक सेर्स या मूळच्या फ्रेंच, पण लंडनमध्ये स्थायिक झालेल्या चित्रकाराने १७७१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी काढले, आणि ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. आंग्र्यांवरील पुस्तकांत त्याची छापील प्रत पाहणाऱ्याला एक विचित्र अनुभव येतो, कारण इंग्रजी जहाजांचे दोरखंड आणि शिडे जितक्या काळजीने रंगवली आहेत तितकी काळजी जळणाऱ्या बाजूच्या वाट्याला येत नाही. चित्रकाराला पैसे देणारे लोक ज्या जहाजांवर होते ती जहाजे त्याने नीट काढली, यात त्याचा दोष तो काय? पण कोकणातल्या माणसाला हे चित्र पाहताना आपण नेमके धुराच्या आत कोठेतरी उभे आहोत असे वाटते, आणि एकदा तसे वाटले की कराचीच्या छायाचित्राकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

प्रौढ वयात ही चित्रे सरकारी समारंभांच्या वाटेने परत आली. ४ डिसेंबर हा नौदल दिन ठरला. मुंबईत गेटवेजवळ कवायती, रोषणाई केलेल्या युद्धनौका आणि नौदलाच्या भिंतींवरची तैलचित्रे यांतून क्षेपणास्त्र सुटतानाचा क्षण पुन्हा पुन्हा रंगवला गेला. त्यांत ज्वाळा नारिंगी, समुद्र गडद निळा आणि क्षितिजावर कराचीचे दिवे असतात, जे नौकेवरच्यांना त्या अंतरावरून दिसणे कठीणच. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, आणि शिवकालीन आरमाराशी १९७१ चे नाते जोडण्याचा मनोदय त्यातून उघड झाला. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर चपल नावाची क्षेपणास्त्रनौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. ती त्याच जातीची, पण युद्धानंतर नौदलात दाखल झालेली. पोरेटोरे तिच्यावर चढतात, पेट्यांच्या तोंडाशी उभी राहून फोटो काढतात, आणि आतल्या खोलीचा अरुंदपणा पाहिल्यावर एवढ्या जागेत इतकी माणसे कशी मावत असतील हे विचारतात, जो प्रश्न कोणत्याही तैलचित्रासमोर कोणाला पडत नाही. याउलट ९ डिसेंबरला हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या खुकरी या भारतीय युद्धनौकेचे स्मारक दीवच्या किनाऱ्यावर आहे. तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि हँगोर स्वतः कराचीच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

या सर्व चित्रांत ज्या माणसाची नजर कोठेच उतरलेली नाही तो त्या वेळचा नौदलप्रमुख, अॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा. त्यांचे बालपण कराचीच्या मुखाशी असलेल्या मनोरा बेटावर गेले होते आणि नौदलात येण्यापूर्वी ते कराचीच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला होते. म्हणजे छाप्याला मान्यता देणाऱ्याला ते बंदर पायाखालच्या वाटेसारखे ठाऊक होते आणि तेथे गेलेल्यांना ते ठिपक्यांपलीकडे दिसले नाही. कराची ओळखणारी अशी माणसे महाराष्ट्रातही होती. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, सरकारी कचेऱ्या आणि शाळांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे तेथे वसली होती, आणि कराचीच्या बंदर रोडवरील जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आजही आहे. फाळणीनंतर परतलेल्या अशा कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे केमाडीच्या धक्क्यावर, होडीत किंवा मनोऱ्याच्या दीपगृहाजवळ काढलेली जुनी छायाचित्रे उरली आहेत, त्यांच्यावरून किनाऱ्याची आणि धक्क्यांची मांडणी युद्धचित्रांपेक्षा कितीतरी स्पष्टपणे लावता येईल. ती छायाचित्रे गोळा करून १९७१ च्या धुराच्या चित्रांशेजारी ठेवण्याचे काम मुंबई-पुण्यात बसून करता येण्यासारखे आहे, मात्र ती ओळखू शकणारी माणसे आता नव्वदीच्या घरात असल्याने ते लवकर हाती घ्यावे लागेल.