दोष कुणाचा, आळ कुणावर

आम्ही दोघे भाऊ मिरजेचे. अब्बांनी ठेवलेला एक जुना सहाचाकी ट्रक, त्याच्यावर घर चालते. द्राक्षांच्या हंगामात तासगाव भागातून वाशीच्या मार्केटला माल नेतो. द्राक्षे थांबत नाहीत. गाडी एक रात्र अडली की पेट्या मऊ पडतात आणि भाड्याला कात्री लागते.

यंदा फेब्रुवारीत गाडीने त्रास सुरू केला. चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘कट’ करायचा आणि गप्प बसायचा. कधी रडत रडत फिरायचा. आम्ही उतार बघून गाडी लावू लागलो. सपाटीवर चार माणसे गोळा करून धक्का मारायचा. एका रात्री बागेतच अडकलो. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून द्याव्या लागल्या आणि भाडे गेले.

दिवाळीत हा सेल्फ मोहल्ल्यातल्याच एका तरुण वायरमनने उघडून नवे कार्बन आणि बुश घालून दिले होते. आमचा सगळा राग त्याच्यावर निघाला. ‘जुनेच कार्बन घासून बसवले असणार,’ असे आम्ही स्टँडवर चहा पिताना बोललो. एकदा नाही, चार-पाचदा. दोन गाडीमालकांनी त्याच्याकडे जायचे बंद केले, हेही आमच्या कानावर आले. तेव्हा वाईट वाटले नाही, हे कबूल करतो.

नव्या बॅटऱ्यांसाठी आम्ही अम्मीकडे पैसे मागितले. अम्मी म्हणाली, “त्या पोराला बोलावून एकदा दाखवलंत का?” आम्ही गप्प. “न विचारता आळ घेणं ही बदगुमानी झाली. आधी त्याला बोलवा, पैशाचं मग बघू.”

तो आला. आम्ही काय बोललो ते त्याला ठाऊक होते, पण त्याने विषय काढला नाही. पिशवीतून मीटर काढला. आमच्या गाडीला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्टचे काम. गाडी बंद असताना दोन्ही मिळून २५.२ व्होल्ट आले. “बॅटऱ्या चार्ज आहेत, भाईजान,” तो म्हणाला.

मग त्याने आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. त्या वेळी बॅटऱ्यांवर २२ व्होल्ट होते, सेल्फवर मात्र १६. मधले ६ कुठे गेले? त्याने वाटेतल्या एकेका जोडावर मीटर धरला आणि दर वेळी सेल्फ मारायला लावला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४, म्हणजे वायर ठीक. निगेटिव्हपासून चासीपर्यंत ०.३, तेही ठीक. चासीपासून इंजिनपर्यंत ५.३! खात्रीसाठी त्याने जाड जंपर वायर निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. चावी फिरवताच इंजिन सुरू.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. त्यामुळे सेल्फला लागणारा करंट परत यायला इंजिन आणि चासीच्या मध्ये अर्थिंगची जाड पट्टी लागते. ती पट्टी त्याने खोलली. खाली गंज, आणि गंजाखाली काळा ऑइलपेंट.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जानेवारीत पासिंगसाठी चासी रंगवली, तेव्हा मजुरी वाचवायला पट्टी आम्हीच काढली होती आणि रंगावरच परत आवळली होती. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून काम भागले. पुढे गंज धरला. सेल्फ दिवाळीपासून एकदाही बिघडलेला नव्हता.

त्याने आधी निगेटिव्हचा क्लॅम्प काढला. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चासीला लागला तर मोठी ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेऊ शकतो. त्यामुळे बॅटरीजवळ विडी-सिगारेटही नको. मग दोन्ही जागा लोखंड चमकेपर्यंत घासल्या, नवी पट्टी आवळली, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि शेवटी निगेटिव्ह जोडला. पुन्हा मीटर धरला तर ५.३ च्या जागी फक्त ०.२.

खर्च एका पट्टीचा आणि थोड्या मजुरीचा. मजुरी त्याने मागितलीही कमीच. आम्ही माफी मागितली. तो म्हणाला, “माझ्याजवळ मागून काय उपयोग? बोललात तिकडं.”

खरे होते. दुसऱ्या दिवशी स्टँडवर, त्याच चहाच्या गाड्यावर, त्याच माणसांसमोर आम्ही सांगितले की चूक आमच्या हातची होती, सेल्फ त्याने चांगलाच भरला होता. तोंडातून शब्द निघताना जड गेले. दोनपैकी एक मालक पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागला आहे. दुसरा अजून गेलेला नाही. तो दिसला की आम्ही पुन्हा सांगतो.

गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. सेल्फ रडू लागला तर बॅटरी बदलण्याआधी जोड तपासा. आणि कारागिराबद्दल बोलण्याआधी त्याला एकदा घरी बोलवा.