सद्यःशौच

धडगाव-अक्कलकुव्याकडील डोंगराळ पाड्यांतून रात्री-अपरात्री बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकेच्या घरी नवरात्राचे घट बसले, म्हणजे तिच्यापुढे पेच उभा राहतो. त्या हातांनी देवास माळ कशी वाहावी? स्नान करून आलेल्या अशा सुनेस देवघराबाहेर बसविलेले आम्ही नंदुरबारच्या सुशिक्षित घरांतही पाहिले आहे.

वास्तविक शास्त्र आमच्या घरांइतके कठोर नाही. पराशरस्मृतीने जनन-मरणाच्या सुतकाचा विचार करताना राजा व कारागीर यांच्या पंक्तीस वैद्यही बसविला आणि त्यांस ‘सद्यःशौच’, म्हणजे तत्काळ शुद्धी, सांगितली. वैद्य दहा दिवस दाराआड बसला, तर रोग्याने जावे कोठे? आणि ज्यास स्वतःच्या घरचे सूतक अडवीत नाही, त्यास परक्या घरची प्रसूती कशी बाटवील, हे आम्हांस तरी कळत नाही.

उपवासाची गोष्ट मात्र निराळी. निराहार राहून रात्रपाळी करणारीचा हात नाळ बांधताना थरथरला, तर त्या व्रताचे मोल दुसऱ्याच बाईस द्यावे लागते. येथे सूट तिची तिनेच घ्यावयाची. पण निघतेवेळी सासूबाईंनी आपण होऊन डब्यात ज्वारीची भाकरी बांधली, तर ती लवकर घेईल.