टेबलावरची नाणी

मुलांनो, हॉटेलात जेवण झालं की बडीशेपेच्या बशीत बाबा दहा-वीस रुपये ठेवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ठेवले तर उत्तम, नाही ठेवले तरी वेटरदादा काही बोलत नाही. मला वाटायचं, जगभर असंच असणार. पण या टिपेपायी परदेशात माझी दोनदा फजिती झाली!

पहिली अमेरिकेत, ह्यूस्टनला. पुतणीबरोबर जेवायला गेलो होतो. बिल झालं चाळीस डॉलर. मी मोठ्या ऐटीत दोन डॉलर ठेवले. आपले दीडशेच्या वर रुपये झाले की! पण पुतणीचा चेहरा उतरला.

"काका, निदान सहा तरी ठेवा. आठ ठेवलेत तर बरं."

शंभराला पंधरा ते वीस, असा तिथला हिशेब. कॉलेजात असताना सुटीत तिनं स्वतः हेच काम केलेलं. तिनं जे सांगितलं, ते ऐकून मी चाटच पडलो. टेक्सासमध्ये मालकानं वेटरला तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले, तरी कायद्याला चालतं! बाकीची कमाई टिपेतून. (टीप फारच कमी पडली, तर तासाला सव्वासात डॉलर होतील एवढी भर मालकानं घालायची.) देशाच्या कायद्यातला हा २ डॉलर १३ सेंटचा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं.

गंमत म्हणजे, एके काळी अमेरिकेतल्याच पुष्कळ लोकांना टीप आवडत नसे. वॉशिंग्टन राज्यानं तर १९०९ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती! पुढे ती उठली.

म्हणजे मी त्या वाढणाऱ्या मुलीची मजुरीच कापत होतो. मुकाट्यानं आणखी सहा डॉलर ठेवले.

असा शहाणा होऊन मी जपानला गेलो. तोकियोतल्या एका छोट्या दुकानात गरमागरम उदोन, म्हणजे जाड शेवयांचं सूप, खाल्लं. काउंटरवरच्या ट्रेमध्ये पैसे ठेवून बिल चुकतं केलं आणि वाडग्याशेजारी दोनशे येनची नाणी ठेवून निघालो. चौकात सिग्नलला थांबतो, तोच मागून पावलं वाजली. वाढणारी मुलगी, ॲप्रनसकट, धापा टाकत! "वासुरेमोनो!" म्हणजे विसरलेली वस्तू. मी खुणेनं सांगितलं, तुलाच ठेवलीत. ती गोंधळली, लाजली, पण हात काही मागे घेईना. तिथे चांगलं वाढणं हे कामातच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कसले? जुन्या पद्धतीच्या रियोकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक उतारशाळेत, काही पाहुणे खोली सांभाळणाऱ्या बाईंना खुशीनं पैसे देतात खरे, पण तेही आपल्या आहेरासारखे पाकिटात घालून. उघडी नाणी टेबलावर टाकून नव्हे.

मग मी दोन्ही हातांनी नाणी घेतली आणि दुकानातून निघताना म्हणायचं राहून गेलेलं "गोचिसोसामा देशिता" म्हटलं. 'जेवण छान झालं, आभारी आहे' असा त्याचा अर्थ. आता कुठे ती हसली, कमरेत वाकली आणि पळत दुकानाकडे गेली.