प्रश्नपेटी

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे नागनाथाचे जुने, काळ्या दगडाचे मंदिर येथे आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणात गावात पाय ठेवायला जागा नसते. मी याच तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पूर्वी बसस्थानकावर परगावचा माणूस भेटला, की तो मंदिराची वाट विचारत असे. आता एखादा वेगळेच काही विचारतो, "गुरुजी, ते लायगो कुठं होणार आहे हो?"

लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आहे. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. एक हॅनफर्ड येथे आणि दुसरी तेथून तीन हजार किलोमीटरवर, लिव्हिंग्स्टन येथे. त्याच धर्तीची तिसरी वेधशाळा औंढ्याजवळ, दुधाळा गावाच्या शिवारात उभारायचे ठरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारत सरकारने या योजनेला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. ही बातमी गावात आली आणि तिच्या पाठोपाठ प्रश्न आले. विज्ञानाचा शिक्षक हाताशी सापडतो, म्हणून लोक मलाच पकडतात. चहाच्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा! एकदा तर दाढी करायला बसलो असताना न्हाव्याने गालाला साबण लावला आणि विचारले, "सर, कृष्णविवरात पडलेला माणूस परत का येत नाही?" वस्तरा त्याच्या हातात होता. मला सविस्तर उत्तर द्यावे लागले.

मुलांसाठी मी वेगळी सोय केली. शाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी पेटी ठेवली. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने कागदावर लिहून पेटीत टाकावा. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. शनिवारी शेवटच्या तासाला पेटी उघडायची. ही कल्पना मला डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे सुचली. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. मुले त्यांच्याभोवती सहीसाठी गर्दी करत. तेव्हा ते म्हणत, की सही अशी मिळणार नाही. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मुलांच्या पोस्टकार्डांसाठी वेळ होता, तर माझ्यासारख्या शिक्षकाला नसावा, हे बरे नव्हे.

पहिल्या शनिवारी पेटीत तीनच चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिले होते, "पेटी कोणत्या लाकडाची आहे?" दुसरी चिठ्ठी कोरी होती. तिसरी मात्र खरी होती. "पृथ्वी फिरते, तर आमच्या विहिरीचं पाणी सांडत का नाही?"

वर्ग हसला. मी हिशेब मांडला. आपले गाव पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १५७५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात आहे. आता हसणे थांबले. मग मी मुलांनाच विचारले, "एस. टी. चालू असताना तांब्यातलं पाणी कधी सांडतं?" एकजण म्हणाला, "ब्रेक दाबल्यावर." दुसरा म्हणाला, "वळणावर." मग एक मुलगी हळूच म्हणाली, "आणि गाडी एकसारखी चालली, तर नाही सांडत." पृथ्वी ही ब्रेक न दाबणारी गाडी आहे. तिला वळण आहे, पण ते फारच सावकाश. एक फेरी घ्यायला तिला पूर्ण दिवस लागतो. तेवढ्या वळणाने पाणी उसळायचे म्हटले, तरी पृथ्वीची ओढ त्याच्या कितीतरी पट मोठी आहे.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची रीत औंढ्याला नवी नाही. संत नामदेव गुरूच्या शोधात येथे आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते, अशी कथा सांगतात. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, की जेथे देव नाही अशी जागा दाखव आणि माझे पाय तेथे ठेव. व्याख्यान नाही, उपदेश नाही. विचार करायला लावले. शिक्षक म्हणून मला ही कथा फार आवडते.

मोठ्या माणसांच्या प्रश्नांत मात्र काळजी असते. एक वृद्ध शेतकरी मला वाटेत थांबवून म्हणाले, "गुरुजी, त्या नळ्यांतून किरणं सुटतील म्हणतात. आमच्या जनावरांला काही होणार नाही ना?" मी म्हणालो, "काका, तो प्रकाश बंद पोलादी नळीतच राहतो. हे यंत्र बाहेर काही सोडत नाही. ते फक्त ऐकतं." काकांनी थोडा विचार केला. "मग नळीतली हवा काहून काढतात?" मी म्हणालो, "हवेचे कण प्रकाशाच्या वाटेत आले, तर ऐकण्यात खरखर येते." हे त्यांना लगेच पटले. त्यांचा रेडिओ जुना होता.

दुसऱ्या एका गृहस्थांनी तर मला चांगलेच अडवले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. वसमत तालुक्यातील काही गावांत जमिनीतून गूढ आवाजही येतात. ते म्हणाले, "इथं जमीनच गुरगुरते आणि एवढं नाजूक यंत्र इथंच ठेवता?" प्रश्न रास्त होता. मी सांगितले, की असे धक्के अधूनमधून येतात आणि जातात. अमेरिकेतील यंत्रेसुद्धा मोठ्या भूकंपाने काही वेळ बंद पडतात, मग पुन्हा सुरू होतात. खरा त्रास असतो तो रोजच्या, न थांबणाऱ्या थरथरीचा. रेल्वे, कारखाने, मोठ्या शहरांची वाहतूक, समुद्राच्या लाटा यांमुळे जमीन सतत कापत असते. त्या सगळ्यापासून आपला भाग दूर आहे. शिवाय या यंत्रातील चाळीस किलो वजनाचे आरसे जमिनीवर ठेवलेले नसतात, ते टांगलेले असतात. एक तांब्या दोरीला बांधून लोंबता धरा आणि वरचा हात भरभर हलवा. हात हलतो, तांब्या जवळजवळ जागीच राहतो. हे तुम्ही घरी करून पाहा. मात्र तांब्या रिकामा असू द्या.

"तरी एखादा धक्का लहरीसारखा वाटला तर?" त्यांनी विचारले. म्हणून तर वेधशाळा एकाहून अधिक लागतात. औंढ्याचा धक्का त्याच क्षणी अमेरिकेत जाणवणार नाही. आकाशातून आलेली लहर मात्र सगळीकडे जाणवेल, तीही सेकंदाच्या अगदी लहान अंशाने मागेपुढे. त्या मागेपुढे होण्यावरून ती कोणत्या दिशेने आली, हेही कळते. रात्री फटाका कोठे वाजला हे आपण दोन कानांनी ओळखतो, तसेच. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान असला, तर दिशा अधिक नेमकी कळेल.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी आमच्या शाळेत प्रदर्शन भरवले होते आणि जवळच्या उर्दू शाळेतील मुलेमुली ते पाहायला आली होती. मी फळ्यावर लायगोची आकृती काढली. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटर लांबीचा. लेझरचा एक झोत दोन भागांत विभागून दोन्ही बाहूंत पाठवायचा. टोकाच्या आरशांवर आपटून दोन्ही झोत परत येतात. शेताच्या दोन बांधांवरून दोन मुले सारख्याच वेगाने धावत गेली आणि परत आली, असे समजा. बांध सारखे असतील, तर दोघे एकदमच पोहोचतील. गुरुत्वीय लहर आली, की एक बांध किंचित लांबतो, दुसरा किंचित आखडतो. किती? चार किलोमीटरमध्ये प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तेवढ्या अंतरात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडावा, असे हे प्रमाण. अशी लहर माणसाने प्रथम टिपली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी.

एका मुलाने लगेच बोट वर केले. "सर, तक्त्यावर लिहिलंय, की ३६ सूर्यांएवढं एक आणि २९ सूर्यांएवढं एक, अशी दोन कृष्णविवरं एक झाली आणि ६२ सूर्यांएवढं एक विवर झालं. बेरीज तर ६५ येते!" शाबास! ते तीन सूर्यांचे वस्तुमानच ऊर्जा होऊन लहरींच्या रूपाने बाहेर पडले. बेरीज न चुकणाऱ्या मुलालाच हा प्रश्न पडतो.

सगळे पांगल्यावर एक मुलगी मागे राहिली. आठवीत असावी. तिला काही विचारायचे होते, पण ओठ उघडून ती पुन्हा मिटत होती. मी म्हणालो, "बेटा, मराठी अडत असेल तर उर्दूत विचार. मला समजतं." मग ती अर्धे मराठी, अर्धे उर्दू असे बोलू लागली. तिचे वडील शिलाईकाम करतात. ती म्हणाली, "सर, कपडा पण ताणला गेला आणि टेप पण तेवढीच ताणली गेली, तर नाप तेवढंच येईल. लहरीनं सगळंच ताणलं, तर प्रकाश पण ताणला जाईल ना? मग फरक कसा कळणार?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एवढी वर्षे मी मुलांना लायगो समजावत होतो. हा प्रश्न कोणी केला नव्हता. मी तिला म्हणालो, "याचं उत्तर घाईघाईत द्यायचं नाही. दोन दिवसांनी तुमच्या शाळेत येऊन देतो."

शोधाशोध केली आणि गंमत वाटली. पीटर सॉल्सन या शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न शीर्षकात घेऊन १९९७ मध्ये एक लेख लिहिला होता. तोही अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या नियतकालिकात. म्हणजे शिकलेसवरलेले लोकही येथेच अडखळत होते.

ठरल्याप्रमाणे मी तिच्या शाळेत गेलो. सांगितले, की तुझे म्हणणे खरे आहे. लहर येते त्या क्षणी बाहूत जो प्रकाश असतो, तोही ताणला जातो. पण तो तेथे थांबत नाही. चार किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे सदतीस हजारावा भाग पुरतो. लहरीचा एक हेलकावा त्यामानाने फार सावकाश, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात ताणलेला जुना प्रकाश निघून जातो आणि लेझरमधून ताजा प्रकाश येत राहतो. बांधावर सारखी नवी मुले धावायला सोडावीत, तसे. या नव्या मुलांचा वेग तोच, पण बांध लांबलेला. म्हणून त्यांना परत यायला उशीर होतो. तो उशीर आपण पाहतो.

तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "म्हणजे सर, ही टेप नाही. घड्याळ आहे."

एका वाक्यात तिने सगळे सांगितले. तो लांबलचक लेख वाचूनही मला हे वाक्य सुचले नव्हते. मग तिने मला एक शब्द दिला. उर्दूत लाटेला 'मौज' म्हणतात. मराठीत मौज म्हणजे मजा! त्या दिवसापासून आमच्या वर्गात गुरुत्वीय लहरींना 'गुरुत्वाची मौज' असेच नाव पडले आहे.

"या सगळ्याचा आम्हाला उपयोग काय?" हा प्रश्न तर हमखास येतो. मी खोटी आशा दाखवत नाही. यामुळे सोयाबीनचा भाव वाढणार नाही. परंतु आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धान्त १९१५ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्याचाही उपयोग कोणाला दिसत नव्हता. आज मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांतील घड्याळे दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतात. त्या सिद्धान्तानेच त्यांची दुरुस्ती होते. ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक चूक होईल. हे ऐकून एक रिक्षावाला म्हणाला, "म्हणजे दोन-तीन दिवसांत औंढ्याचं हिंगोली होईल म्हणा की!"

पेटीत आता दर आठवड्याला वीस-पंचवीस चिठ्ठ्या निघतात. दोन पेट्या झाल्या आहेत. दुसरी उर्दू शाळेत आहे. मागच्या शनिवारी तिच्यातून एक चिठ्ठी निघाली. अक्षर मी ओळखले. "सर, ती पहिली लहर १३० कोटी वर्षं चालून आली, असं तुम्ही सांगितलं. आपल्या गावाचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, असं भूगोलाच्या तासाला सांगितलं. मग लहर निघाली, तेव्हा या जागेवर काय होतं?"

ही चिठ्ठी मी भूगोलाच्या बाईंकडे दिली आहे. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली आहे.